अकरा मिनिटांचा लाल दिवा

मित्रांनो, टेबलाच्या कोपऱ्यात मुठीएवढा, जाळीदार डोक्याचा जो काळा ठोकळा दिसतो ना, तो मी. मी माइक आहे आणि आता जुना झालो आहे. माझ्या जाळीखाली कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा एक पडदा आहे. कुणी बोलले की तो थरथरतो आणि ती थरथर तारेतून पुढे जाते. माझ्या डोक्यावर एक बटण आहे. ते दाबले की आवाज पुढे जायचा थांबतो. पडदा मात्र थरथरतच राहतो. एवढे लक्षात ठेवा.

कारखान्यात मी तयार झालो तेव्हा तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर एक ते दहा अंक म्हटले होते. ते मी ऐकलेले पहिले शब्द. पुढे मला एका लेकीने घरी आणले. लेक म्हणतो, कारण त्या घरात तिला हाक मारणारे एकच माणूस होते, तिचे बाबा, आणि ते तिला ‘लेकी’ म्हणत.

दूरदूरच्या माणसांना एका स्क्रीनवर आणून कार्यक्रम घडवणे हे लेकीचे काम. सभा, व्याख्याने, निरोप समारंभ. यादी केल्याशिवाय ती पाणीही पीत नसे. “कार्यक्रम सुरू झाल्यावर डोकं चालवायची वेळ आली,” ती म्हणे, “तर समजायचं, आधी चालवलं नव्हतं.” सात वर्षे मी तिच्यासमोर होतो. “आवाज कसा स्वच्छ येतोय!” असे लोक म्हणत, आणि लेक माझ्या डोक्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसत असे. माझे दिवस चांगले होते.

तिचे बाबा काचकाम करत. प्रयोगशाळांना लागणारे चंबू आणि नळ्या ते ज्योतीवर तापवून, तोंडाने फुंकून घडवत. त्यांच्या हाताखाली एकोणीस जण शिकले आणि जगभर पांगले. ते सगळे त्यांना फुंकर मास्तर म्हणत.

मग मास्तरांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितले, स्वरयंत्र काढावे लागेल. त्यानंतर श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून घ्यायचा. म्हणजे आवाज जाणार होता आणि फुंकरही जाणार होती. ऑपरेशन सोमवारी सकाळी ठरले.

लेकीने आदल्या रविवारी सकाळी अकराची वेळ धरली. एकोणीस शिष्य एकोणीस घरांतून स्क्रीनवर येतील, मास्तरांचा आवाज शेवटचा ऐकतील आणि तो कायमचा रेकॉर्ड होऊन राहील. घसा दुखावलेला होता. डॉक्टरांनी पंधरा मिनिटे बोलायची परवानगी दिली, त्याहून एक मिनिटही जास्त नाही.

शनिवारी छोटीशी तालीम झाली. मास्तर माझ्यासमोर बसले आणि त्यांनी मला सरळ फुंकर मारली.

“बाबा, माइकवर फुंकू नका हो! पडदा खराब होतो.”

“चाळीस वर्षं फुंकूनच खाल्लं आपण. आता माइकचं काय घेऊन बसलीस!”

“बरं, ऐका. खोकला आला की हे बटण दाबायचं. लाल दिवा लागेल, म्हणजे आवाज बंद. खोकून झालं की परत दाबायचं. हिरवा झाला की बोलायचं.”

“लाल म्हणजे बंद? अगं, काच लाल झाली की आमचं काम सुरू होतं.”

“इथे उलटं आहे, बाबा.”

“उलटं तर उलटं. लेक म्हणेल ती पूर्व दिशा.”

लेकीच्या यादीत एकेचाळीस कलमे होती. मागे एका कार्यक्रमात कुणाच्या तरी घरचा मिक्सर वक्त्यापेक्षा जास्त बोलला होता, म्हणून या वेळी सगळ्यांचे माइक तिने स्वतःच्या हाती बंद ठेवले. मास्तरांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून लिहून निरोप पाठवायची सोयही बंद केली. मास्तरांच्या चष्म्याच्या काचेत दिवा चमकत होता, म्हणून चष्मा काढून ठेवायचा ठरला. तिचा फोन बंद. तिच्या संगणकाचा आवाजही बंद, कारण मास्तरांसमोर दुसरा संगणक होता आणि एका खोलीत दोन यंत्रांतून एकच आवाज आला की तो घुमू लागतो. प्रत्येक कलमाला कारण होते. मी ती यादी मनात पुन्हा पुन्हा तपासली आहे. त्यातले एकही कलम चुकीचे नव्हते.

रविवारी अकराला एकोणीस चेहरे आले. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. लेक टेबलाच्या पलीकडे, त्यांच्या समोर बसली. माझा दिवा मास्तरांच्या बाजूला होता. तिला माझी पाठ दिसत होती.

मास्तर बोलू लागले. त्यांची पहिली शिष्या, जिला सगळे थोरली म्हणत, तिने पहिल्या आठवड्यात चौदा चंबू फोडले होते. “मी म्हटलं, बाई, तू फोडायचंच शिकायला आलीस का? पण पंधरावा असा केला, की मी तो विकलाच नाही. अजून माझ्या खिडकीत आहे.” स्क्रीनवर सगळे हसले. थोरली रडत रडत हसली.

चार मिनिटे झाली. मास्तरांना खोकला आला. त्यांनी शहाण्या मुलासारखे माझे बटण दाबले आणि तोंड वळवून खोकले. घोटभर पाणी प्यायले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. लाल दिवा पेटला होता. चाळीस वर्षे ज्या डोळ्यांनी ज्योतीतली काच लाल होण्याची वाट पाहिली, त्या डोळ्यांना तो रंग पाहून बरे वाटले. काम सुरू आहे, असे त्यांना वाटले. ते बोलू लागले.

मित्रांनो, मला तोंड नाही. ऐकणे हे माझे काम. माझा पडदा थरथरत होता आणि तारेतून काहीच जात नव्हते.

स्क्रीनवर एकेकाने कानाला हात लावला. मग सगळे हात हलवू लागले. चष्म्याशिवाय मास्तरांना नुसते हलणारे हात दिसले. “बघा, कसे खूश झालेत,” असे म्हणून त्यांनीही हात हलवला. थोरलीने एका कागदावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहून तो वर धरला. मास्तरांना पांढरे काहीतरी फडफडताना दिसले. त्यांनी मान तुकवून आभार मानले.

आणि लेक? तिने स्क्रीनकडे एकदाच पाहिले. सगळे हात हलवत होते. तिचेही डोळे भरले होते. बाबांचा शब्द न् शब्द तिला खोलीतल्या हवेतून थेट ऐकू येत होता. सगळ्या जगात तीच एकटी ऐकत होती, हे तिला माहीत नव्हते.

मास्तरांनी एकोणीस जणांसाठी एकोणीस गोष्टी राखून ठेवल्या होत्या. थोरलीची सांगून झाली होती. उरलेल्या अठरा त्यांनी सांगितल्या. शेवटी ते म्हणाले, “आणि ही माझी लेक. तुम्हा सगळ्यांना मी शाब्बास म्हणालो. हिला कधीच नाही. घरच्या माणसाला काय म्हणायचं, असं वाटायचं. आज तुमच्या साक्षीने म्हणतो. शाब्बास, लेकी. तुझ्यासारखी कारागीर मला घडवता आली नसती.”

लाल दिव्यात अकरा मिनिटे गेली होती आणि डॉक्टरांची पंधरा संपली होती. लेकीने डोळे पुसले, आपल्या संगणकाचा आवाज वाढवला आणि सगळ्यांचे माइक उघडले. मग थोरलीचा दबका आवाज आला. “ताई, मास्तरांना कळू देऊ नका, पण... खोकल्यानंतर आम्हाला काहीच ऐकू आलं नाही.”

मास्तरांना ते ऐकू आलेच. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग लेकीकडे. ती उठून त्यांच्या बाजूला आली आणि तिला लाल दिवा दिसला. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मास्तरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, हलकेच माझे बटण दाबले आणि हिरव्या दिव्यात म्हणाले, “पोरांनो...” पुढे नुसती हवा आली. आवाज संपला होता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच.

मग ते पुढे वाकले. त्यांनी ओठ गोल केले आणि चंबूच्या नळीत फुंकावी तशी, हळू आणि लांब, माझ्यावर फुंकर मारली. एकोणीस घरांत ती घरघर ऐकू गेली. लेक त्यांना फुंकू नका म्हणाली नाही.

सोमवारी ऑपरेशन झाले. मास्तर वाचले. आता ते पाटीवर लिहितात.

मला तिने खणात टाकले. आठ महिने मी अंधारात होतो. कुणी दोष दिला नाही, पण कुणी धूळही पुसली नाही. मग एका दुपारी खण उघडला. लेकीने मला टेबलावर ठेवले. मास्तर पाटी घेऊन शेजारी बसले. ती अकरा मिनिटे जशी आठवतात तशी स्वतःच्या आवाजात बोलून लेक सगळ्यांना पाठवणार होती. ती एकेक गोष्ट सांगत गेली. कुठे चुकली तर मास्तर पाटीवर दुरुस्ती करत. अठरा गोष्टी झाल्या. मग ती शेवटच्या वाक्याशी आली, थांबली आणि तिने माझे बटण दाबले. लाल.

मास्तरांनी हात लांब केला आणि बटण पुन्हा दाबले. हिरवा.

तिला ते म्हणता येईना. त्यांना आता कधीच म्हणता येणार नव्हते. हिरवा दिवा पेटलेला आणि मी ऐकत राहिलो. पाटीवर एका शब्दापुरता खडू वाजला. पाटी लेकीकडे वळलेली होती, काय लिहिले ते मला दिसले नाही. मी फक्त ऐकले.

मित्रांनो, दूरच्या माणसांना एकत्र बोलवाल तेव्हा सगळे नीट आखा. यादी करा, तालीम करा. पण सगळ्यांची तोंडे बंद करू नका. मध्येच ओरडून ‘थांबा!’ म्हणायची मुभा एका तरी माणसाला असू द्या. आणि घरच्या माणसाची शाब्बासकी समारंभासाठी राखून ठेवू नका.

माइकवर फुंकू नये, हे लेकीचे म्हणणे खरेच आहे. त्या रविवारपासून माझ्या आवाजात एक बारीक खरखर येते. ऐकणारे म्हणतात, माइक खराब झाला, बदला. माझे एवढेच मागणे आहे, की ती खरखर कुणी काढू नये.