तिरका ड्राइव्ह

जुन्या कॉम्प्युटरांना स्थळं बघून देतो म्हणून त्याला सगळे मध्यस्थ म्हणायचे. कुणाचं अडगळीतलं यंत्र तो शाळेत नांदायला धाडी, कुणाचं भरतकामाच्या कारखान्यात. ताईला मात्र असल्या गोडबोल्यांचा भारी संशय. ती पर्स पोटाशी धरून त्याच्या दुकानात खुर्चीच्या टोकावर बसली होती आणि त्याच्या हातांवरून नजर हटवत नव्हती.

फ्लॉपी एकच होती. बाबांनी ताई लहान असताना तिच्यासाठी रचलेला खेळ तीत होता, ‘खोडरबर कुणी लपवलं?’ बाबा आता नव्हते, आणि त्यांच्या हातचं तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

मध्यस्थाने नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह जोडला आणि फ्लॉपी सरकवली. नुसती करकर झाली. पडद्यावर आलं, डिस्क वाचता येत नाही. दुसऱ्या ड्राइव्हमध्येही तेच.

“मघाशी आत गेलात, तेव्हा बदललीत का हो?” ताईने तोंडावरच विचारलं.

“अहो बाई, कप ठेवायला गेलो होतो!” तो हसला. “ही लिहिली कुठल्या यंत्रावर?”

“बाबांच्या. माझ्या धाकट्या भावाने मला न विचारता तुमच्या गळ्यात मारलं तेच.”

“ते होय! त्याला कधीच चांगलं घर मिळालं. पण माझ्याकडे आलं तेव्हा त्यात फ्लॉपी ड्राइव्हच नव्हता. कुणीतरी स्क्रू काढून आधीच नेलेला.”

झालं! ताईच्या मनात पाल चुकचुकली. दुसरं कोण असणार? पेन हरवलं की धाकटा, काच फुटली की धाकटा. भाऊ कसला, अस्तनीतला निखारा! ती तरातरा त्याच्या घरी गेली.

“ड्राइव्ह कुठाय?”

धाकटा आत गेला. त्याने कपाटातून टॉवेलात गुंडाळलेलं पुडकं आणलं.

“बाबा म्हणायचे, ह्याचं लिहायचं-वाचायचं हेड सरकलंय. हा तिरकं लिहितो आणि त्याचं तिरकं त्यालाच वाचता येतं, दुसऱ्या कुठल्या ड्राइव्हला नाही. म्हणून यंत्र देण्याआधी काढून ठेवला. नाहीतर तुझा खेळ गेला असता.”

“मग सांगायला काय झालं होतं?”

“माझा फोन उचलतेस कुठे तू?”

ताई वरमली, पण पुरती नाही. “चल दुकानात. चालतो का ते आधी बघू.”

मध्यस्थाने तो ड्राइव्ह एका जुन्या यंत्रात बसवला. या वेळी फ्लॉपी मुकाट फिरली. पडद्यावर बाबांची ठोकळेबाज अक्षरं आली: एक, ताई. दोन, धाकटा. तीन, बाबा.

सवयीने ताईचं बोट दोनवर गेलं. ‘चूक. पुन्हा बघ.’ लहानपणी इथेच ती रागारागाने बटण बंद करायची आणि तरी चोर तोच म्हणून धाकट्याला बदडायची. तो शेजारी उभा होता, उगीच वायर गुंडाळत. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तीन दाबलं.

‘सापडलो एकदाचा! आता धाकट्याची समजूत काढ.’

“तुला माहीत होतं?”

“खेळ तयार होताना चाचणीला मीच बसायचो ना. बाबा म्हणाले, सांगू नकोस, तिचं तिला कळू दे.”

“आणि इतकी वर्षं मार खाल्लास, गाढवा!” म्हणत ताई त्या दुकानातच त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.