बोटीवरून उतरवलेली टाकी

राजेश्रीनं चहाचा घोट घेतला आणि तशीच न्हाणीकडं धावली. चहा थुंकला, त्याच्यामागून रात्रीची भाकरीही आली. कपात उरलेल्या चहावर तेलाचा तवंग चकाकत होता.

तिचा नवरा भागवत येलदरीच्या धरणात बोट चालवायचा. बोट जुनी, शिडाची. पण शीड उभारायचं कसं हे आसपास कुणालाच ठाऊक नसल्यानं ती डिझेलवरच पळायची. गेल्या आठवड्यात त्यानं तिच्यात डिझेलसाठी प्लास्टिकची नवी टाकी बसवली आणि जुनी स्टीलची टाकी सोड्यानं धुऊन घराच्या छतावर पाण्यासाठी चढवली. चांगलं स्टील भंगारात कोण देतं! तेव्हापासून वरणाला डिझेल, भाताला डिझेल, ढेकराला डिझेल. अंघोळ करून आलं तरी अंगाला तोच घाणेरडा वास. भागवतचं नाक सर्दीनं बंद, आणि सासूच्या तोंडात सदा तंबाखू. सांगायचं कुणाला?

"पाण्याला लय वास येतोय, आत्याबाई," तोंड पुसत ती म्हणाली.

सासू कस्तुराबाई मागंच उभी होती. तिचा चेहरा फुलला होता.

"पाय जड झाल्यावर समद्याचाच वास येतोय, लेकी. भागवतच्या येळंला मला तुपाची शिसारी यायची."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि ‘लेकी’ ही हाक राजेश्री या आठवड्यातच ऐकत होती. सासू तिला घागर उचलू देत नव्हती, ताटात लिंबाच्या लोणच्याची फोड आठवणीनं वाढत होती. पहिले दोन दिवस राजेश्रीलाही दिवस गेल्याचं खरंच वाटलं होतं. पण काल तिला पाळी आली. या घरात पाळीत बाई बाहेर बसते. ती बसली नाही. देवाकडं पाठ करून चुलीपाशी वावरत राहिली. पाण्याची किळस होतीच, आता स्वतःचीही यायला लागली.

दुपारी भागवत जेवायला आला. सर्दी उतरली होती. त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि पचकन थुंकला.

"थू! हे तर निव्वळ डिझेल हाय. तुमी हेच प्यायलाव व्हय? थांबा, आत्ताच उतरवतो टाकी."

कस्तुराबाई दारात आडवी आली.

"कुठं येतोय वास? ऱ्हाऊ दे ती."

"लय घाण हाय ते!"

"मला न्हाई येत."

तिनं त्याच्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि प्यायला लागली. पहिला घोट गेला. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं, मान ताठ झाली, पोटातून उमासा आला. तो तिनं ओठ मिटून मागं ढकलला. मग तिसऱ्यासाठी तांब्या उचलला.

राजेश्रीला ते बघवेना. तिनं तांब्या सासूच्या हातातून काढून घेतला आणि अंगणात उपडा केला.

"काढा ती टाकी," ती नवऱ्याला म्हणाली. तो पाना घेऊन शिडी चढायला लागला, तशी खाली बघत, "आत्याबाई, मी कालपासून चुलीला शिवायला नको होतं."

भागवत शिडीवर थबकला. कस्तुराबाई पदरानं तोंड पुसत राहिली. ओठ कोरडे झाले तरी पुसत राहिली.

"बाहेर बस जा," शेवटी ती म्हणाली. "हापशाचं पाणी आणते. तूबी चूळ भर, मीबी भरते."