आ करा, सांगते

दातांच्या दवाखान्यात हौसेनं कुणी जात नाही. या दवाखान्यात मात्र माणसं सबब शोधून येत, आणि त्याला कारण होती डॉक्टरीणबाईची कादंबरी. भुलीची सुई टोचल्यावर हिरडी बधिर होईपर्यंत पेशंटशी काहीतरी बोलत राहावं लागतं. बाकीचे डॉक्टर हवापाण्याच्या गप्पा मारतात; ही आपली कादंबरी सांगे. तोंडात कापूस कोंबलेला माणूस ‘पुरे’ म्हणू शकत नाही हे खरं, पण हात लपत नाहीत. गोष्ट रेंगाळली की खुर्चीच्या दांड्यावरची मूठ आवळते, रंगली की बोटं सैल पडतात. तिने सबंध कादंबरी या मुठी बघून लिहिली होती, खोडली होती, पुन्हा लिहिली होती.

घोडं अडलं होतं एजंटपाशी. मोठे प्रकाशक नवख्या लेखकाला दारात उभं करत नसत. त्याच्या वतीने बोलणी करणारा एजंट लागे. या एजंटांनी तिला सात वर्षं झुलवलं होतं. सगळ्यांचा नियम एकच: पहिली दहा पानं पाठवा, फोन करू नका, तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजा. ती नकार समजून घ्यायची आणि त्याच संध्याकाळी पुढच्या एजंटला दहा पानं धाडायची. उत्तर दिलं ते एकानेच. ‘सुरुवात वाचकाला धरून ठेवत नाही,’ त्याने कळवलं होतं. ‘शिवाय नायिका साठ वर्षांची आहे. तीस वर्षांची करा, मग बघू.’

तिचा तिळपापड झाला होता. ती स्वतः अठ्ठावन्नची होती.

आणि एका सकाळी दवाखान्याचं टेबल सांभाळणारी तिची नणंद आत येऊन म्हणाली, “वहिनी, नवा पेशंट आलाय. गाल भोपळ्यासारखा सुजलाय. धंदा विचारला तर म्हणतो, लेखकांचा एजंट. हा काय धंदा झाला?”

तिने नाव विचारलं. नणंदेनं सांगितलं. “तोच तो, तीस वर्षांची करा म्हणणारा,” ती म्हणाली.

“हे बघ,” नणंद कुजबुजली, “भूल जरा कमीच दे.”

“गप बस. दाताशी माझं वैर नाही.”

काम तिने नेहमीसारखंच चोख केलं. रूट कॅनल करावं लागणार होतं, म्हणजे दोन बैठका, आणि वर कॅप बसवायची तिसरी. सुई टोचून झाली. तो खुर्चीला असा चिकटला होता की जणू कुणी त्याला कड्यावरून ढकलतंय. तिने आपली ओळख दिली नाही. “आ करा, सांगते,” म्हणाली आणि सुरू झाली.

साठ वर्षांची एक बाई नोकरीतल्या शेवटच्या दिवशी, हार-तुरे पिशवीत घालून घरी येते. किल्ली कुलपाला लागत नाही. कुलूप नवं आहे. ती दार ठोठावते. आतून तिच्या नवऱ्याचा आवाज येतो, अगदी अदबीनं: “कोण हवंय आपल्याला?”

दांड्यावरची मूठ सुटली. डाव्या हाताची आधी, मग उजव्याची. सुरुवात धरून ठेवत नाही म्हणे! तिने मनातल्या मनात त्याचा उद्धार केला आणि ड्रिल हातात घेतलं.

दुसऱ्या बैठकीला तो वेळेआधीच हजर. खुर्चीत बसता बसता म्हणाला, “डॉक्टर, तिनं काय सांगितलं हो त्याला? कोण म्हणून?”

तिने पुढची दोन-तीन पानं सांगितली. काम संपल्यावर तो तोंड पुसत, अर्ध्याच ओठांनी बोलला, “ही गोष्ट कुणाची आहे?”

“माझी. तुम्हीच परत केली होती.”

त्याचा सुजका गाल लाल झाला. दहा पानं आपल्या मदतनिसाने चाळली असावीत, मी स्वतः वाचली नाहीत, असं तो काहीबाही पुटपुटला. मग धंद्याचा माणूस जागा झाला. “मी घेतो ही कादंबरी. खरंच घेतो. फक्त तिला तीस वर्षांची करा. म्हातारीची गोष्ट विकत नाही हो. प्रकाशक पहिल्याच ओळीला पानं बाजूला ठेवतात.”

सात वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते शब्द खोलीत उभे होते. मी घेतो. दारातून नणंद डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हण, हो म्हण.

“नाही,” ती म्हणाली.

“नुसता एक आकडा बदलायचाय!”

“तीस वर्षांची बाई दुसरं घर शोधेल. हिला त्याच दारावर लाथ मारावी लागते. म्हणून तर गोष्ट आहे. कॅपसाठी पुढच्या आठवड्यात या.”

तो गेल्यावर नणंदेनं कपाळावर हात मारून घेतला. “वहिनी, आलेली लक्ष्मी उंबऱ्यावरून हाकललीस! तीस काय नि साठ काय.”

“मग तुझं वय सांग बघू, बाहेर बसलेल्या पेशंटांना ऐकू जाईल असं.”

नणंद तरातरा आपल्या टेबलाकडे गेली. संध्याकाळी डॉक्टरीणबाईने नव्या एका एजंटला दहा पानं पाठवली. बाई साठचीच.

तिसऱ्या बैठकीला तिने कॅप बसवली, ती एक अक्षर न बोलता. खोलीत फक्त लाळ ओढणाऱ्या नळीचा आवाज. त्याच्या दोन्ही मुठी पांढऱ्या पडल्या होत्या, आणि दुखायला तर काहीच नव्हतं. चूळ भरून तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

“दार उघडतं का?”

“छापून आली की विकत घ्या.”

“डॉक्टर, वाचायला द्या मला. सगळी.”

“नियमानं मागा,” ती हातमोजे काढत म्हणाली. “फोन करू नका. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजा.”

“तीन महिने? मला आज हवीय!”

“मलाही आजच हवं असायचं. दर वेळी.”

त्याने मान खाली घातली. तिने टेबलाच्या खणातून मोजून दहा पानं काढून त्याच्या हातात ठेवली. “बाहेर बसा. या वेळी मदतनिसाला देऊ नका.”

पुढची पेशंट एक शाळामास्तरीण होती, अक्कलदाढेची. तिचं काम चालू असताना दारावर टकटक झाली. नणंदेनं दार किलकिलं केलं. एजंट उभा होता, पानं छातीशी धरून.

“अकरावं पान,” तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईने मास्तरणीच्या तोंडातून हात काढला नाही. “आधी सांगा, बाई किती वर्षांची?”

“एकसष्ट,” तो म्हणाला. “दहाव्या पानावर वाढदिवस झाला तिचा. त्या बंद दाराबाहेरच, पायरीवर. आणि त्यातला एकही आकडा मी कुणाला बदलू देणार नाही.”

मास्तरणीच्या तोंडात कापूस होता, तरी तिने हाताने खुणावलं, त्याला देऊन टाका आणि मला पुढचं सांगा. डॉक्टरीणबाईने नणंदेला खण दाखवला.