चार का आठ

मोना खोटं बोलून राहिली होती, आन् तेही शुद्ध हिंदीत.

"मुझे मराठी के अंक नहीं आते," ती नायर मॅडमले म्हणाली. आमच्या या हिंदी शहरातल्या सेक्टर सहाची पोरगी, पण आई ललिताबाई अस्सल भंडाऱ्याची, आन् हिले म्हणे अंक येत नाही. माझं डोकंच सणकलं.

आम्ही दोघी मॅडमच्या हाताखाली पीएचडी करतो. जंतू मारणारी थायाझोलं बनवतो, म्हणजे गंधक आन् नायट्रोजन बसवलेलं पाच अणूंचं कडं. एक ते चार नंबर माझे, पाच ते आठ मोनाचे. चार नंबरमध्ये ब्रोमिन बसवाले मले सहा महिने लागले. कच्च्या मालाच्या वाफेनं डोळे असे सुजत का कोहक्याले घरी गेली का आई विचारे, कोणं रडवलं तुले.

जंतूंच्या डिशांवर मी सवयीनं मराठी अंक टाकले, मोनानं तिच्यावर इंग्रजी. केरळच्या मॅडमनं माझा ४ इंग्रजी आठ वाचला. रजिस्टरात दोन आठ झाले. एकात बावीस मिलिमीटरचं साफ वर्तुळ, जंतू ठार. दुसऱ्यात काहीच नाही. चारपुढे लिहिलं, टेस्ट केला नाही. मॅडमनं चांगला आठ धरला आन् पेपर मोनाच्या नावावर निघाला. मॅडम डिशांवरचे अंक वाचत होत्या तवा मोना बाजूलेच उभी होती, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. डिशा तर उकळून फेकल्याही.

मी भांडली तवा मॅडम परत टेस्ट घ्याले तयार झाल्या. पावडरी मलेच काढाले सांगितल्या. दोन्ही फिक्या पिवळ्या, बाटल्या सारख्या. चिठ्ठ्यांवर मी फक्त ४ आन् ८ लिहिलं आन् टेबलावर मॅडमसमोर ठेवल्या.

"मोना, तुझी उचल आन् सही कर," मी म्हटलं.

अंक येत नसते तर तिनं मॅडमसारखा ४च आठ समजून उचलला असता. तिचा हात सवयीनं सरळ ८ वर गेला.

मॅडमनं बाटली पाहिली, मग मोनाले पाहिलं. टेस्ट उद्या होणारच होती, पण त्यांनी आताच रजिस्टर ओढून त्या बावीस मिलिमीटरवाल्या आठवर काट मारली.

मोना माझ्याजवळ आली आन् लॅबमध्ये पहिल्यांदा मराठीत बोलली.

"संघमित्रा, आईले नको सांगू. तिनंच शिकवले मले अंक."

"संध्याकाळी घरीच येते मी तुझ्या, आईले भेटाले," मी म्हटलं.