कोण ओरडतं ते बघू

नवा सर्व्हर आला त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हॉस्पिटलच्या तळघरात, आमच्या खोलीत तो येऊन बसला मात्र, वरच्या मजल्यांवरच्या प्रत्येकाला आपल्याला मेमरी कमी पडते असा साक्षात्कार झाला. काम तसं सरळ होतं. या एका दांडग्या सर्व्हरच्या पोटात बरीचशी व्हर्च्युअल मशीन्स थाटायची, प्रत्येकाला मेमरीचा आणि डिस्कचा वाटा द्यायचा आणि आपला संसार स्वतंत्र आहे असं प्रत्येकाला वाटू द्यायचं. पण वाटे करायला बसले आणि भाऊबंदकी म्हणजे काय ते कळलं. एक्स-रेवाल्या डॉक्टरांची मागणी ऐकून मी म्हटलं, "डॉक्टर, अख्खा सर्व्हरच वर पाठवून देऊ का?" त्यांना विनोद कळला नाही. ते हो म्हणाले.

सगळ्यांचं भागवल्यावर एक मशीन उरलं. जुन्या सर्व्हरवरच्या या मशीनला आम्ही 'म्हातारा' म्हणायचो. तो काय करतो, कोणासाठी करतो, कोणालाच ठाऊक नव्हतं. ज्याने तो उभा केला तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

"बंद करून टाक," आमचे साहेब म्हणाले. "ज्याला लागत असेल तो बोंबलत येईल."

ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. मशीनचा मालक सापडत नसला की ते बंद करायचं आणि कोण ओरडतं ते बघायचं. कोणी ओरडलं नाही तर विषय संपला. मी मुळात उतावळी, त्यामुळे एरवी ही रीत मला आवडते. पण दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी भंगारवाला जुना सर्व्हर न्यायला येणार होता आणि त्याआधी साहेब डिस्क पुसणार होते. एकदा पुसली की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी म्हातारा परत येणार नव्हता. मी आठवडाभराची मुदत मागितली. "तुला जिथे तिथे भूत दिसतं," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्याआल्या मी म्हातारा बंद केला.

मग बसले फोनकडे बघत. तो वाजला की पहिल्याच रिंगला उचलायचे. हिशेब खात्याचा प्रिंटर रुसला होता. कोणीतरी पासवर्ड विसरलं होतं. एक्स-रेवाल्यांना आणखी मेमरी हवी होती. म्हाताऱ्याची चौकशी करायला मात्र चिटपाखरूही फिरकलं नाही. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण बसवेना आणि उभंही राहवेना. केबलींवरच्या चिठ्ठ्या उगाच सरळ केल्या आणि दुपारी चहाला वर गेले.

कँटीनमध्ये हृदयविभागाची मोठी सिस्टर भेटली. एरवी सुतकी असणारा चेहरा आज चक्क खुलला होता.

"काय सिस्टर, लॉटरी लागली का?"

"त्याहून भारी. माझ्या पेशंटांनी आज एकजात गोळ्या घेतल्यात! ज्यांची राहते त्यांची नावं दुपारी माझ्या स्क्रीनवर येतात, मग मी एकेकाला झापते. आज एक नाव नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा!"

मी कप खाली ठेवला. "नावं येतात कुठून?"

"कॉम्प्युटरमधून, आणखी कुठून? तोच फोन लावतो ना सगळ्यांना. गोळी घेतली असेल तर एक दाबा, असं बाईच्या आवाजात म्हणतो."

तो कॉम्प्युटर म्हणजे आमचा म्हातारा, आणि तो सकाळपासून बंद होता. माझ्या आईच्या हृदयाची झडप इथेच बदलली होती. रक्त पातळ करायची गोळी चुकत गेली तर झडपेवर गुठळी धरते, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. दुपारी 'ती मुलगी' आठवणीने फोन करते असं आई म्हणायची. ती वॉर्डातली कोणी नर्स असेल असं मी धरून चालले होते. मी घरी फोन लावला.

"आई, गोळी घेतलीस?"

"नाही गं अजून. त्या मुलीचा फोन आला की घेते. आज कुठे अडकली कोण जाणे."

"अगं, मग मला नाही का विचारायचं?"

"तू कामात असतेस. आणि तिच्याही मागे कशाला लागायचं? बिचारी रोज करते."

"आत्ताच्या आत्ता घे. मी फोन ठेवत नाही."

गोळी गिळल्याचं तिने सांगेपर्यंत मी फोन कानाला लावून जिना उतरत होते. तळघरात भंगारवाला वेळेआधीच हातगाडी घेऊन हजर होता. साहेब जुन्या सर्व्हरच्या कीबोर्डवर वाकले होते.

"पुसायला घेतोय," ते म्हणाले. "बघ, कोणी ओरडलं का?"

मी ओरडले. अशी ओरडले की भंगारवाल्याच्या हातून गाडी सुटली. "हात काढा आधी! वरच्या सिस्टरला वाटतंय सगळ्यांनी गोळ्या घेतल्या, आणि पेशंट घरी फोनची वाट बघत बसलेत. ते काय ओरडणार? त्यांना तर वाटतंय, असेल कोणी कामात!"

साहेबांनी हात काढले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मग त्यांनी विचारलं, "नव्या सर्व्हरवर याला जागा कुठून देणार?"

"एक्स-रेवाल्यांच्या वाट्यातून," मी म्हणाले आणि म्हातारा आहे तिथेच पुन्हा चालू केला. कण्हत-कुंथत उठला बिचारा आणि तुंबलेले फोन एकापाठोपाठ एक लावायला लागला.

थोड्या वेळाने आईचा फोन आला.

"आला गं तिचा फोन! मी म्हटलं तिला, बाई, उशीर झाला तरी चालेल, पण येत जा."

"एक दाबलंस ना?"

"दाबलं. पण तू मघाशी केवढ्याने ओरडलीस गं? फोन चालूच होता. कोणावर चिडली होतीस?"

"तुझ्यावर," मी म्हणाले. "तू का नाही ओरडत कधी?"

"मी?" आईला खरंच नवल वाटलं. "माझं कुठे काय अडलं होतं?"