वदादबाईंचा खोका

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे. अलेक्झांड्रियातल्या एका नाटकघरात, रंगमंचाच्या पुढच्या कडेला, अगदी मधोमध मला ठोकलेले आहे. माझी पाठ प्रेक्षकांकडे आणि उघडी बाजू नटांकडे. प्रॉम्प्टर माझ्यात बसतो आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द देतो. स्ताव्रो नावाच्या ग्रीक सुताराने जुन्या बोटीच्या फळ्यांतून मला तयार केले.

माझ्यात सदतीस वर्षे वदादबाई बसल्या. समोर रंगमंचावर त्यांचे यजमान, रुश्दी. रुश्दींचा आवाज मोठा होता, चाल राजाची होती, पाठांतर मात्र कच्चे होते. त्यांची नजर जरा थांबली की वदादबाई फक्त पहिला शब्द देत. पुढचे सगळे रुश्दींना आठवे. पहिल्या रांगेलाही कधी काही ऐकू गेले नाही.

पडदा पडला की त्या गुडघे चोळत बाहेर येत. "सुलतान, आज चौदा वेळा अडलास. राज्य तू करतोस की मी?"

"हळू बोल गं, लोक ऐकतील."

"ऐकू देत. अंगरखा उलटा घातला होतास, तो तर त्यांनी पाहिलाच."

पुढे टीव्ही आला. रमजानच्या मालिकांचे संवाद चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी हातात पडत. वदादबाई कॅमेऱ्याच्या खाली उकिडव्या बसून शब्द देत. उपवास सोडला की सगळा देश रुश्दींना बघत बसे. त्या वर्षांत लोकांनी माझ्यात दोऱ्या आणि मोडक्या खुर्च्यांचे पाय भरून ठेवले.

आमच्याकडे एक रीत आहे. खेळ संपला की मुख्य नट पुढे येतो आणि लेखकापासून दिवेवाल्यापर्यंत सगळ्यांची नावे पुकारतो. प्रॉम्प्टरचे नाव घेत नाहीत. घेतले तर नट अडतो हे कबूल केल्यासारखे होते. रुश्दींनी ही रीत आयुष्यभर पाळली. वदादबाईंनी कधी तक्रार केली नाही. त्यांना वाईट वाटत होते का, हे रुश्दींनी विचारले नाही.

गेल्या मार्चमध्ये वदादबाई अकरा दिवसांच्या आजारात वारल्या. दुखवट्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर रुश्दी नाटकघरात आले. दिग्दर्शक हातिमला म्हणाले, "जुनं नाटक एकदाच करू. शेवटची ओळ म्हणून झाली की मी पुढे येऊन तिचं नाव घेणार. खोका साफ करून घे."

"आत कोण बसणार, उस्ताद?"

"कोणी नाही."

"मग कानात यंत्र घाला. कोणाला दिसत नाही."

"आणि त्यात बोलणार कोण? तुझा मेहुणा?"

"अहो, शेवटचं स्वगत दोन पानांचं आहे!"

"तिच्या जागी कोणी बसणार नाही, हातिम. विषय संपला."

नाटकघर भरले. रुश्दी कसेबसे शेवटापर्यंत आले. स्वगतही झाले. एकच ओळ राहिली, आणि ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी रिकामा होतो. ते वाट बघत राहिले. प्रेक्षकांत एक बाई हुंदके देऊ लागली. मग सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. रुश्दींनी हात वर करून थांबा अशी खूण केली. लोकांना वाटले, ते निरोप घेत आहेत. टाळ्या वाढल्या, आणि हातिमने पडदा पाडला.

"उस्ताद, काय थांबलात! अंगावर काटा आला."

"अरे, ओळ राहिली माझी. तिचं नाव राहिलं. पडदा उघड!"

पडदा उघडला तेव्हा लोक पाठ करून दाराकडे निघाले होते. रुश्दी पुढे आले, पण ती ओळ अजूनही आठवेना. मग ते खाली बसले आणि वदादबाई जिथे कागद ठेवत त्या फळीवर हात ठेवून म्हणाले, "काय होता गं शब्द?"

मला तो शब्द पाठ होता. मला तोंड नाही.

त्यानंतर रुश्दी इथे आलेले नाहीत. पुढच्या महिन्यात मला उखडून जागा सपाट करणार आहेत. मित्रांनो, तुमच्या मागे कोणी गुपचूप उभे असेल, तर त्याला जपा. त्याचे नाव चार लोकांत घ्या, आणि आजच घ्या. त्याला ऐकू येत आहे तोवरच नाव घेण्याचा उपयोग आहे.