लाल रेघेच्या अलीकडे

गेल्या वर्षी, ऑगस्टच्या ऐन थंडीतल्या एका शनिवारी, न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, वाइटोरू नदीवरील झुलत्या पुलाच्या खालच्या अंगाला हे घडले.

वरच्या खोऱ्यात झाडे ओरबाडणारे पोसम, मांजराएवढे केसाळ प्राणी, मारण्यासाठी हेलिकॉप्टरमधून विष टाकले होते. ते कोठे टाकले, याचा सरकारी नकाशा कोणालाही फोनवर पाहता येतो. त्या विषाने मेलेला पोसम खाल्ला तरी कुत्रे दगावते. म्हणून नकाशातल्या लाल भागात कुत्र्याला मुसके बांधून न्यायचे. माझी शेजारीण मेरेआना रोज चहाच्याही आधी नकाशा पाही. लाल रेघ पुलाशी संपत होती. पूल ओलांडला की मुसके काढायचे, ही खोऱ्याची रीतच झाली होती. तिची पिप, मेंढ्या वळणारी कुत्री, तिथे आपणहून नाक पुढे करी.

"काढ लवकर," मी म्हणालो, "नाहीतर ती मलाच खाईल."

"खाऊ दे. नुसती हाडं आणि वाद, लॉक्लन. अपचन व्हायचं बिचारीला."

त्या आठवड्यातला पूर नुकताच ओसरला होता. काठावर वाहून आलेल्या ओंडक्यांचा ढीग होता. मोकळी होताच पिपने त्यात तोंड घातले. हाका मारीत आम्ही पोहोचलो तोवर ती काहीतरी गिळत होती. जिभेला पोसमची लव चिकटली होती.

ओकारी काढण्यासाठी खिशात बाळगलेले धुण्याच्या सोड्याचे खडे मेरेआनाने तिच्या घशात कोंबले. ती ओकली, पण थोडेच. आम्ही तिला लोकर कातरायच्या शेडमध्ये नेले. मेरेआनाचा भाचा तामिहाना विष टाकणाऱ्या पथकातच काम करतो. फोन करताच तो धावत आला.

"आत्या, दवाखान्याचा रस्ता दरडीनं बंद आहे. डॉक्टरांशी बोललोय मी. म्हणाले, अंधारात ठेवा, आवाज करू नका."

"आणि उतारा?"

"ह्याला उतारा नाही, आत्या."

दुपारी पिप भिंतीच्या कडेने धावू लागली. ती ओरडत होती आणि धनिणीला ओळखत नव्हती. मग तिला झटके आले. मी फोनवरचा नकाशा मोठा करून पुन्हा पुन्हा तपासत होतो.

"रेघ पुलावर आहे," मी म्हणालो. "आपण पुलाच्या खालच्या अंगाला होतो. चांगली दोनशे पावलं खाली! याचा जाब कोणीतरी—"

"तुझं बरोबर असून काय करू मी? तिचे पाय धर."

मी पाय धरले. दिवस कलण्यापूर्वीच ते माझ्या हातात सैल पडले.

"मेलेला पोसम पुरानं आणला असणार वरून," तामिहाना हळूच म्हणाला.

मेरेआनाने आपला फोन त्याच्यापुढे धरला. "तू बघ. मी काही चुकीचं वाचलं का?"

त्याने रेघ पाहिली, तारीख पाहिली, नदीवरून बोट खाली पुलापर्यंत आणले आणि फोन तिला परत दिला.

"नाही, आत्या. नकाशा बरोबर आहे."